डिकीत तापलेली बाटली: घरी आणलेली वाईन सांभाळायची कशी

फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या शनिवारी नाशिकच्या गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागा, पुढे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग दिसेल. द्राक्षं खुडायचे दिवस असतात. लोक वाईनरी बघायला येतात, चार प्रकारच्या वाईन चाखतात, आवडलेल्या दोन-तीन बाटल्या घेतात आणि डिकीत टाकतात. मग वाटेत मिसळीसाठी थांबतात. गाडी उन्हात. बंद गाडी भर उन्हात तासभर उभी राहिली की आतला पारा पन्नासाच्या आसपास जातो, डिकीही फार मागे नसते. महिन्याभराने घरी ती बाटली उघडली जाते आणि नाशिकला फोन येतो, "तिथे प्यायलो तेव्हा काय सुंदर होती! आपल्याला वेगळीच दिली वाटतं."

मी नाशिकची, म्हणून असे फोन मला बरेच येतात. बाटली वेगळी दिलेली नसते. ती वाटेत, नाहीतर घरात बिघडलेली असते.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला ते आठवत असेल. तो निर्णय पुढे अंमलात आला नाही. वाद होता वाईन विकायची कुठे याचा. विकत घेतलेली बाटली घरी कशी ठेवायची, हा प्रश्न घराघरांत तसाच राहिला.

मला त्याचं उत्तर दोन बाटल्यांनी दिलं. एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून शेनिन ब्लां या व्हाइट वाईनच्या दोन सारख्या बाटल्या घेतल्या होत्या. एक नणंदेला दिली, एक आमच्याकडे ठेवली. तिने ती हौसेने हॉलमधल्या शोकेसमध्ये, वरच्या छोट्या दिव्याखाली मांडली. आमची दिवाणाच्या कप्प्यात गोधड्यांमध्ये आडवी पडून होती. चौदा महिन्यांनी त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला दोन्ही एकाच टेबलावर उघडल्या. आमची फिकट पिवळी, उसाच्या ताज्या रसाच्या निवळीसारखी, आणि पेरूचा वास. तिची गुळाच्या पाण्याच्या रंगाची. बूच काचेच्या कडेवर दोन मिलिमीटर वर आलेलं, वरच्या वेष्टणाखाली चिकट तपकिरी ओघळ वाळलेला आणि वास जुन्या सफरचंदाचा. नणंद बिचारी हिरमुसली. तिची चूक काहीच नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाटलीत नेमकं असतं काय?

द्राक्षं चिरडली की त्यातली साखर यीस्ट खातं आणि त्याचं अल्कोहोल करतं. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारा तोच सूक्ष्म जीव. मूळ गोष्ट एवढीच. तयार वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, बाकी बहुतेक पाणी. उरलेल्या थोड्याशा भागात वाईनची सगळी ओळख सामावलेली असते: वासाची नाजूक द्रव्यं, आंबटपणा आणि तुरटपणा.

आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा. चिंचेत असतं तेच. तुरटपणा येतो टॅनिनमधून, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या आणि बियांमधल्या द्रव्यांमधून. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, ते टॅनिनचंच काम. रेड वाईन सालींसकट आंबवतात म्हणून तिला रंगही असतो आणि तुरटपणाही. व्हाइटसाठी रस आधीच वेगळा काढतात.

आता आपल्या घरांतली अडचण बघा. बाटली म्हटली की आपल्याला सवय व्हिस्कीची. तिच्यात ४२.८ टक्के अल्कोहोल. ती शोकेसमध्ये दहा वर्षं राहिली तरी फारसं बिघडत नाही, कारण एवढ्या अल्कोहोलमध्ये जिवाणू वाढत नाहीत आणि हवेने बिघडण्यासारखंही तिच्यात कमी असतं. वाईनला हे कवच नाही. तिची जात व्हिस्कीपेक्षा दुधा-ताकाच्या जवळची आहे असं मी पाहुण्यांना सांगते. दूध आपण शोकेसमध्ये मांडत नाही.

गरमी, उजेड आणि हवा

सगळ्यात घातक गरमी. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. तेरा अंशांवर जे बदल वर्षभरात व्हायचे, ते तेहतीस अंशांवर तीन-चार महिन्यांत उरकतात. तेही नीट होत नाहीत. मंद आचेवर शिजलेल्या आणि घाईत करपवलेल्या भाजीत फरक असतो, तसंच हे.

त्यातही तापमान सारखं वर-खाली होणं वाईट. नाशिकला मार्चमध्ये दुपारी पस्तीस-छत्तीस आणि पहाटे पंधरा-सोळा असं सहज होतं. दुपारी वाईन पसरते आणि बुचाला बाहेर ढकलते. रात्री आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. गरम भाजी डब्यात भरून झाकण घट्ट लावलं की गार झाल्यावर ते आत ओढलं जातं, तसंच. असे शंभर दिवस गेले की बुचाच्या कडेने वाट तयार होते. नणंदेच्या बाटलीवरचा तो ओघळ त्याच वाटेने आलेला.

उजेडाने वासाची द्रव्यं मोडतात आणि गंधकयुक्त, उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ लागतो. पारदर्शक काचेतल्या व्हाइट, रोझे (गुलाबी) आणि फेसाळत्या वाईनना हा धोका जास्त. बाटल्या हिरव्या-तपकिरी असतात त्यामागे हे कारण आहे. दुकानात बाटली घेताना शक्यतो मागच्या रांगेतली मागा. पुढची कितीतरी दिवस ट्यूबलाइटसमोर किंवा रस्त्याच्या उन्हासमोर उभी असते.

हवा लागली की कापलेलं सफरचंद काळं पडतं, वाईनचंही तेच होतं. पुढे अल्कोहोलचं व्हिनेगर करणारे जिवाणू कामाला लागतात. ही हवा थोपवायला वाईनमध्ये थोडा सल्फर डायऑक्साइड घालतात. लेबलवर सल्फाइट लिहिलेलं वाचून लोक बिचकतात. आपल्या सांगली-तासगावच्या सोनेरी बेदाण्यांना गंधकाची धुरी देतात, ती याच कामासाठी. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइटचा त्रास होतो, त्यांनी जपावं.

जुनी तितकी चांगली ना?

या समजुतीने जेवढ्या बाटल्या वाया गेल्यात तेवढ्या उन्हाने गेल्या नसतील.

लोणचं मुरतं हे खरं. पण कुठलं? कडक कैरी, मोजून मीठ, वर तेलाचा थर, सावलीतली बरणी, हे सगळं जमलेलं. काकडीची कोशिंबीर वर्षभर ठेवली म्हणून ती मुरत नाही. वाईनमध्येही मुरायला भरपूर टॅनिन, भरपूर आम्ल किंवा भरपूर साखर लागते आणि वर थंड, स्थिर जागा. जगातल्या बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात. नाशिक-दिंडोरीकडच्या व्हाइट आणि रोझे वर्ष-दीड वर्षात संपवाव्यात. शिराज, कॅबर्ने सोव्हिन्योंसारख्या रेड दोन-तीन वर्षं थांबतील. ओकच्या लाकडी पिंपात ठेवलेल्या, वरच्या श्रेणीच्या रेड त्याहून जास्त टिकतात, पण त्या नीट ठेवल्या तरच.

लेबलवरचं साल म्हणजे द्राक्षं खुडल्याचं साल. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी आणि जानेवारी ते मार्च खुडा. युरोपात खुडा सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे एकाच सालाची नाशिकची वाईन फ्रान्सच्या वाईनपेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी असते. दुकानात चार वर्षांपूर्वीची देशी व्हाइट सवलतीत दिसली तर मोह टाळा.

मग घरात ठेवायची कुठे?

पुस्तकी उत्तर: बारा-तेरा अंश, अंधार, थोडी दमट हवा, हादरे नाहीत. आपल्या घरात तळघर नसतं. तेव्हा घरातली सगळ्यात गार, अंधारी आणि दिवसभर जिथलं तापमान फारसं हलत नाही अशी जागा शोधायची. दिवाणाचा खालचा कप्पा, आतल्या खोलीतल्या कपाटाचा तळ, पूर्व किंवा उत्तरेच्या भिंतीलगतची जमीन. माळा मात्र कधीच नाही. गरम हवा वर जाते आणि वरून स्लॅब तापतो. स्वयंपाकघरही नको. फ्रीजच्या डोक्यावर तर नकोच, तिथे गरमीही आहे आणि हादरेही.

बूच असेल तर बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं, आकसत नाही. फिरकीचं झाकण असेल तर कशीही. फेसाळती वाईन उभी ठेवली तरी चालते, आतल्या वायूमुळे तिचं बूच तसंही दमट राहतं.

फ्रीजमध्ये ठेवली तर मरते, असं पुष्कळ जण म्हणतात. वर्षानुवर्षं ठेवायला फ्रीज योग्य नाही हे बरोबर, कारण आतली हवा कोरडी असते. पण जळगाव, नागपूर, अकोल्याच्या मे महिन्यात बेचाळीस अंशांत कपाटात ठेवण्यापेक्षा दोन-तीन महिने फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवणं कितीतरी बरं. तिथे कधी बाटलीच्या तळाशी पांढरे, काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात. घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाचंच मीठ आहे, गारठ्याने खाली बसलेलं. बाटली न हलवता ओतली की झालं.

प्रवासात येताना बाटल्या डिकीत न टाकता एसीत, सीटखाली, टॉवेलमध्ये गुंडाळून आणा. मिसळीला थांबलात तर पिशवी सोबत उतरवा.

फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाईन?

पुण्यात थंडीच्या तोंडावर बुचाच्या झाडाखाली पांढरा सडा पडतो, त्या झाडाला बूच म्हणतात कारण त्याची साल बाटल्यांच्या बुचांसाठी बदली म्हणून वापरली जायची. खरं बूच कॉर्क ओकच्या सालीचं. जगातलं जवळजवळ निम्मं एकट्या पोर्तुगालमधून येतं. एका झाडाची साल दर नऊ वर्षांनी एकदाच काढतात. फार सुंदर वस्तू आहे, पण तिच्यात एक खोट असते. काही बुचांमध्ये टीसीए नावाचं द्रव्य तयार होतं आणि वाईनला पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. प्यायल्याने अपाय नाही, पण फळाचा सगळा वास मरून जातो. असा वास आला तर ती तुमच्या जिभेची चूक समजू नका.

या त्रासाला कंटाळून ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या रीझलिंग या व्हाइट वाईनच्या उत्पादकांनी २००० साली एकत्र येऊन फिरकीचं झाकण घेतलं, पाठोपाठ न्यूझीलंडनेही. लवकर प्यायच्या वाईनला, त्यातही आपल्या हवेत, मी फिरकीच निवडते. बुचाची बाटली उघडताना बूच तुटलं तर आत ढकला आणि वाईन स्वच्छ गाळणीतून जगमध्ये काढा, काही बिघडत नाही.

फेसाळत्या बाटलीबाबत मात्र खेळ नको. आत हवेच्या पाच-सहापट दाब असतो, कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त. बाटली चांगली गार करा, तार सैल केल्यापासून अंगठा बुचावरून हलवू नका, तोंड माणसांपासून दूर तिरकं धरा आणि बूच स्थिर धरून बाटली फिरवा. फट्कन आवाज न येता हलकासा सुस्कारा यायला हवा.

रूम टेम्परेचर, पण कुठल्या रूमचं?

रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यावी, हे वाक्य आलं युरोपातल्या जुन्या दगडी घरांतून, जिथली खोली सोळा-अठरा अंशांची असे. आपली खोली एप्रिलमध्ये बत्तीस-तेहतीस. इतक्या गरम रेडमध्ये अल्कोहोलच नाकात जातं आणि माणूस म्हणतो, रेड कडक असते. तिला प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रीज दाखवा. व्हाइट उलट फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा. चार अंशांवर वास बंद पडतो, फार गार आंबरसाला आंब्याचा वास येत नाही तसा. व्हाइटला आठ ते बारा अंश, फेसाळतीला सहा ते आठ.

पाहुणे दारात आणि बाटली गरम? बादलीत बर्फ, बर्फ बुडेल इतकं पाणी आणि दोन मुठी मीठ. बाटली मानेपर्यंत बुडवा, वीसेक मिनिटांत गार. पूर्वी अंगणात लाकडी पॉट फिरवून आईस्क्रीम करायचो, तिथे बर्फात खडेमीठ टाकायचो ते याच कारणाने: मिठाने पाणी शून्याच्या खाली जाऊनही पातळ राहतं. नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला जागोजागीच टेकतात, पाणी सगळीकडून भिडतं. फ्रीझरमध्ये ठेवाल तर गजर लावा, विसरलेली बाटली गोठून फुटते.

आणि वीजच गेली तर माठाची युक्ती. सुती फडकं ओलं करून बाटलीला गुंडाळा आणि वारा लागेल अशा खिडकीत ठेवा. नाशिक, सोलापूर, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात रेड पिण्याजोगी होते. रत्नागिरी-मुंबईच्या दमट हवेत हे जमत नाही, तिथे माठही फारसा गार करत नाही.

ग्लास आणि फोडणी

महागड्या ग्लासांची गरज नाही. पातळ काचेचा, खाली फुगीर आणि वर निमुळता ग्लास घ्या आणि एक तृतीयांशच भरा. रिकाम्या जागेत वास साठतो. हापूस घेताना आपण आधी देठापाशी नाक नेतो, चव नंतर. वाईनचंही तसंच. ग्लास हलकेच गोल फिरवला की वास वर येतो. ग्लासाला साबणाचा किंवा कपाटाचा वास नाही ना ते आधी बघा, आणि दांडीला धरा, तळहाताची ऊब लागत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच: स्वयंपाकघरात हिंग-मोहरीची फोडणी चालू असताना बाटली उघडू नका. त्या वासापुढे कुठलीच वाईन टिकत नाही. जेवण तयार होऊ द्या, खिडक्या उघडा, मग ओता.

आपल्या जेवणासोबत चालते का?

चालते, पण एक नियम कळायला हवा. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना भडकवतात, तुरटपणाही त्यात भर घालतो. म्हणून झणझणीत तांबड्या रश्शासोबत कडक रेड घेतली की जीभ पेटते. तिखटाला किंचित गोडसर, गार, कमी अल्कोहोलची वाईन हवी. थोडी गोडी असलेली शेनिन ब्लां मिसळीलाही सांभाळून घेते.

कोथिंबीर वडी, अळूवडी, रव्यातलं पापलेट यांना सोव्हिन्यों ब्लां ही व्हाइट. तिचा आंबटपणा लिंबू पिळल्यासारखा काम करतो आणि तळणाचं तेल जिभेवरून कापतो. कांदा-खोबऱ्याच्या काळ्या वाटणातलं मटण बेताच्या तिखटाचं असेल तर शिराज, मांसातल्या चरबी आणि प्रथिनांनी टॅनिन मऊ होतं. पुरणपोळीसोबत साधी व्हाइट घेतलीत तर ती लिंबूपाण्यासारखी आंबट लागेल. वाईन पदार्थापेक्षा गोड असावी लागते, तिथे लेट हार्वेस्ट, म्हणजे वेलीवर जास्त पिकवून गोडी वाढवलेल्या द्राक्षांची वाईन हवी. दोन छोटे घोट, तुपाची धार सोडलेल्या पोळीबरोबर. आमच्याकडे होळीला एकदा केलं, सासूबाईंनी नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "मनुकांचा आहे."

रोज एक ग्लास तब्येतीला चांगला म्हणतात, ते?

हा समज १९९०च्या दशकात, रेड वाईन पिणाऱ्या फ्रेंच लोकांना हृदयविकार कमी का, या चर्चेतून पसरला. त्याचं श्रेय ज्याला देतात ते रेस्व्हेराट्रॉल नावाचं द्रव्य रेडमध्ये असतं खरं, पण त्याचं प्रमाण इतकं कमी की औषध म्हणावं असं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, वाईनही त्यात आलीच. जो पीत नाही त्याने तब्येतीसाठी सुरू करण्याचं काहीही कारण नाही. गरोदर बाई, यकृताचा त्रास, रोजची औषधं, गाडी चालवायची असेल, तिथे नाहीच. घ्यायची तर चवीसाठी, जेवणासोबत, थोडी.

थोडी म्हणजे किती तेही कळावं. बाटली ७५० मिलिलिटरची, ग्लास १५० चा, म्हणजे पाच ग्लास. नवरा-बायकोने एकेक घेतला तर निम्म्याहून जास्त बाटली उरते, आणि उरली म्हणून संपवायची नसते.

उरलेल्या वाईनचं काय?

लगेच झाकण लावून फ्रीजमध्ये, रेडसुद्धा. गारठ्याने हवेचं काम मंदावतं. तीन-चार दिवस चव बरी राहते. फेसाळतीला तिचं खास क्लिपचं झाकण लागतं, तरी एक-दोन दिवसच. तिच्या तोंडात चमचा लटकवून फेस टिकतो म्हणतात, त्यात तथ्य नाही.

याहून चांगली युक्ती म्हणजे बाटली उघडल्या उघडल्याच, ग्लास भरायच्या आधी, ३७५ मिलिलिटरची स्वच्छ धुतलेली छोटी बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करायची. आत हवाच नाही, त्यामुळे आठवडाभर सहज जातो. माझ्याकडे यासाठी फिरकीच्या झाकणाच्या दोन छोट्या बाटल्या आहेत. त्यांच्यावर कागदी पट्टी चिकटवून उघडल्याची तारीख लिहिते, आई लोणच्याच्या बरणीवर लिहायची तशी. तारीख उलटून गेली आणि वास नेलपॉलिशकडे झुकला की ती वाटी-दीड वाटी वाईन आलं-लसणाबरोबर मटणाला चोळून तासभर ठेवते. मटण लवकर शिजतं.